प्रभाग, जलकुंभ आणि हद्द : सोलापूरच्या सार्वजनिक नकाशांविषयी

सोलापुरातील कोणत्याही एका घराचा पत्ता घेतला, तर त्याला निदान सात-आठ वेगवेगळ्या हद्दी लागू असतात. महापालिकेचा निवडणूक प्रभाग, झोन कार्यालयाचे क्षेत्र, पाणी सोडणारा जलकुंभ, नागरी आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे, वीज वितरणाचा उपविभाग, सिटी सर्व्हेची पेठ आणि शहर उत्तर, शहर मध्य किंवा दक्षिण सोलापूर यांपैकी एक विधानसभा मतदारसंघ. या हद्दी एकमेकींशी क्वचितच जुळतात, कारण प्रत्येक खात्याने आपली हद्द आपल्या कामाच्या सोयीने आणि आपापल्या काळात आखलेली आहे. त्यात गैर काही नाही. अडचण ही आहे की नागरिकाला त्या एकत्र कोठेच पाहायला मिळत नाहीत, आणि तक्रार घेऊन गेलेला माणूस ‘हा भाग आमच्याकडे येत नाही’ एवढे उत्तर घेऊन दुसऱ्या कार्यालयाची वाट धरतो.

स्थानिक प्रशासनाने आपले नकाशे केवळ चित्ररूपाने न देता, ज्यावर काम करता येईल अशा माहितीच्या रूपाने द्यावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. प्रभागरचनेचेच उदाहरण घेऊ. जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले छोटे भाग, एकत्र जोडून प्रभाग तयार होतात. अधिसूचनेत उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारही बाजूंच्या हद्दींचे शब्दांत वर्णन असते आणि सोबत नकाशा असतो, जो बहुधा पीडीएफमध्ये किंवा कार्यालयाच्या भिंतीवर पाहावा लागतो. अमुक चौकापासून नाल्यापर्यंत आणि तेथून रस्त्याने पुढे, असे वर्णन वाचून आपली गल्ली आत पडते की बाहेर हे ठरवायचे, तर तो सगळा भाग पायाखालचा असावा लागतो. तीच हद्द जिओजेसन किंवा शेपफाइल या संगणकीय नकाशांच्या स्वरूपात मिळाली, तर तिच्या प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश हाती येतात आणि क्यूजीआयएससारख्या नकाशे हाताळणाऱ्या विनामूल्य प्रणालीत ती उघडून तिच्यावर शाळा, दवाखाने, अंगणवाड्या आणि सार्वजनिक शौचालये कोणालाही मांडून पाहता येतात. हरकती व सूचनांची मुदत थोडी असते. त्या मुदतीत लोकांनी अभ्यास करून हरकत घ्यावी अशी अपेक्षा असेल, तर प्रारूप प्रसिद्ध होईल त्याच दिवशी ही फाइल उपलब्ध झाली पाहिजे.

सर्वांत आधी काय खुले करावे, असे मला कोणी विचारले तर मी पाण्याची वितरणक्षेत्रे असे सांगेन. सोलापूरला उजनी जलाशय, टाकळी येथे भीमा नदी आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव यांतून पाणी मिळते, आणि ते नळाला रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते. कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी, हे नगरांच्या आणि वस्त्यांच्या नावांनी जाहीर होते; परंतु नगराच्या नावावरून पाण्याची हद्द कळत नाही. एकाच नगरातील दोन गल्ल्या दोन वेगळ्या व्हॉल्व्हवर असू शकतात, आणि ते फक्त तेथील रहिवाशांना व व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक असते. जलकुंभ, त्याचे क्षेत्र, त्या क्षेत्रातील घरांची संख्या आणि पाणी सोडल्याचा प्रत्यक्ष दिवस एवढ्या चार गोष्टी नकाशावर नोंदल्या गेल्या, तर कोणत्या भागाची पाळी वारंवार पुढे ढकलली जाते हे वर्षभरात उघड दिसेल. उन्हाळ्यात टँकर कोठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या अभियंत्यालाही या नोंदीचा तेवढाच उपयोग होईल, कारण चावीवाल्याच्या डोक्यात असलेली माहिती तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबरच जाते.

शहराच्या कडेला हा प्रश्न अधिक बिकट होतो. १९९२ च्या हद्दवाढीने बाळे, शेळगी, देगाव, मजरेवाडी, सोरेगाव अशी गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. त्या हद्दीच्या पलीकडे, दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या परिसरात, विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आहे. तेथील कुटुंबांचा रोजगार, बाजारहाट आणि दवाखाना शहराशी बांधलेला आहे, पण स्थानिक संस्था मात्र वेगळी आहे. केवळ महापालिकेचा नकाशा खुला करून त्यांचे भागणार नाही. जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची माहिती एकाच पद्धतीने नोंदलेली असावी लागेल.

एकाच पद्धतीने, हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. सोलापूर शहर साधारणतः १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर आहे. जिओजेसनमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. हा क्रम उलटा झाला, तर सोलापूरचे आरोग्य केंद्र थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडते. एवढी मोठी चूक लगेच लक्षात तरी येते. नावांची चूक लक्षात येत नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरजवळ लक्ष्मी टाकळी आहे, मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदर आहे आणि दक्षिण सोलापुरात भीमेकाठी टाकळी आहे. तक्त्यात नुसते ‘टाकळी’ लिहिले, तर एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या नावावर सहज चढतो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. प्रत्येक खात्याने आपल्या तक्त्यात तो संकेतांक लिहिणे बंधनकारक केले, तर निम्मे काम होईल.

कायदा याच्या आड येत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशाविषयक माहिती गोळा करण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी रद्द केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आले. त्याही आधी, माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. मात्र फाइलसोबत तिच्या वापराची परवानगी स्पष्ट शब्दांत लिहिलेली नसेल, तर ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशासाठी काम करणारे स्वयंसेवक ती वापरू शकत नाहीत, आणि प्रसिद्ध झालेली माहितीही वाया जाते.

खुलेपणाला मर्यादाही हवी. अमेरिकेतील अनेक काउंटी मिळकतींचा नकाशा देताना मालकाचे नाव आणि करपात्र मूल्यही सर्वांसमोर ठेवतात. आपल्याकडे सेवांच्या नकाशासाठी त्याची गरज नाही. नळजोडांची संख्या क्षेत्रवार पुरेशी आहे. कोणाचा नळ थकबाकीमुळे तोडला, हे नकाशावर येता कामा नये.

प्रत्येक फाइलवर ती कोणत्या तारखेपासून लागू आहे हे लिहिणे किती आवश्यक आहे, ते आषाढी वारीच्या नियोजनात सर्वाधिक जाणवते. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर आणि भंडीशेगावमार्गे येते, तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव आणि पिराची कुरोलीमार्गे येते, आणि दोन्ही सोहळे वाखरीला पोहोचतात. या मार्गांवरील टँकर भरण्याची ठिकाणे, तात्पुरती शौचालये आणि वैद्यकीय पथके थोड्याच दिवसांपुरती असतात. त्यांचा नकाशा वारीनंतर काढून न टाकता तारखेसह जपून ठेवला आणि खुला केला, तर वाखरीच्या तळावर कोणत्या बाजूला शौचालये कमी पडली याचा हिशेब पुढच्या वर्षीचा आराखडा मंजूर होण्याआधी मांडता येईल.