पीडीपी-१ वर भूप: माझा अनुभव

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पीडीपी-१ हा संगणक आजही चालू स्थितीत आहे आणि तो बाख वाजवतो. हे मॉडेल एमआयटीत १९६१ मध्ये आलं. पीटर सॅमसनने त्यातून चार आवाजांचं संगीत काढलं, तेही यंत्रात आवाजाची कसलीच सोय नसताना! पॅनेलवर सहा ‘प्रोग्रॅम फ्लॅग’ असतात, म्हणजे प्रोग्रॅमने चालू-बंद करायच्या खुणा, प्रत्येकाचा एक दिवा. त्यांतल्या चारांच्या तारा त्याने ॲम्प्लिफायरकडे नेल्या. दिवा पुरेशा वेगाने लागला-विझला की स्वर ऐकू येतो.

ते ऐकल्यापासून डोक्यात एकच होतं, यावर भूप राग वाजला पाहिजे. खरं यंत्र घरी कुठून असणार, म्हणून सिमएच हा सिम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घेतला.

पीडीपी-१ ची मेमरी सायकल, म्हणजे मेमरी एकदा वापरायला लागणारा वेळ, ५ मायक्रोसेकंदांची. वेळ मोजायला एक उणे आकडा एकेकाने वाढवत शून्यापर्यंत न्यायचा. आकडा एकने वाढवून तपासायला १० आणि मागे उडी मारायला ५, म्हणजे या लूपची (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांची) एक फेरी १५ मायक्रोसेकंदांची. दिवा लावून ठरावीक फेऱ्या थांबायचं, विझवून तितक्याच फेऱ्या थांबायचं, की झाला स्वर. अडचण एवढीच की अर्धी फेरी नसते. मग भूपाचे पाचही स्वर पूर्णांकात बसतील असा सा शोधत बसलो. १८० फेऱ्यांचा सापडला! रे १६०, ग १४४, प १२०, ध १०८, तार सा ९०. सा आला १८५ हर्ट्‌झचा, म्हणजे हार्मोनियमची काळी तीन. आणि गंधार नेमका ५:४, हार्मोनियमपेक्षा किंचित उतरलेला, तानपुऱ्यात ऐकू येतो तसा. मला तर यासाठीच हे सगळं करावंसं वाटलं.

दिवा लावणं आणि आकडा पुन्हा भरणं यातही वेळ जातो. तिथे ५-५ मायक्रोसेकंदांच्या दोन रिकाम्या सूचना घालून तो बरोबर ३०, म्हणजे दोन फेऱ्या केला. म्हणून सा साठी टेपवर, म्हणजे प्रोग्रॅम भरायच्या भोकांच्या कागदी पट्टीवर, जातो उणे १७८. अष्टमान पद्धतीत (० ते ७ अंकांत) ७७७५१५, कारण या यंत्रात उणे आकड्यासाठी सगळे बिट (० आणि १) उलटे करतात. पीडीपी-१ चा शब्द १८ बिटांचा, टेपवर तो सहा-सहा भोकांच्या तीन ओळींत मावतो: ७७, ७५, १५. शिवाय प्रत्येक ओळीत आठवं भोक हवंच, नाहीतर रीडर ती ओळ सोडून देतो. सिम्युलेटरला टेपची फाइल पुरते, तरी एक इंच रुंद पट्टीवर सा मी हाताने पाडला. पहिली ओळ भोकांनी भरलेली, तिसरीत सहापैकी तीनच.

सिमएच आवाज काढत नाही. फ्लॅग बदलण्याच्या वेळा नोंदवून त्यातून ध्वनिफाइल बनवली. आवाज खरखरीत आहे, पण स्वर चोख लागले. प वरून ग वर येणारी मींड, म्हणजे न तुटता घसरत येणारा स्वर, मात्र हवीच होती. १२० ते १४४ प्रत्येक आकड्यावर चार आवर्तनं ठेवली, सुमारे ०.४ सेकंदात मींड उतरली. पायऱ्या मला तरी कळल्या नाहीत.

आता दुसऱ्या फ्लॅगवर तानपुऱ्याचा सा धरायचा आहे. एकाच लूपमध्ये दोन मोजण्या आल्या की फेरी लांबते आणि १८० चा हिशेब मोडतो. नवा आकडा शोधतोय.