बुरखा चढला की गुडघे बरे होतात

निन्जा, म्हणजे काळ्या कपड्यांतला जपानी छुपा योद्धा, म्हणून निवडायला सगळ्यात अयोग्य माणूस कोण, असा प्रश्न १९८४ साली कुणाला पडला असता तर अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीकडे उत्तर तयार होतं: ली व्हॅन क्लीफ. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांतला हा बारीक डोळ्यांचा नट तोवर ५९ वर्षांचा झाला होता. पोट थोडं सुटलेलं. १९५०च्या दशकाअखेरच्या मोटार अपघातात गुडघा कामातून गेलेला. अशा माणसाला काळे कपडे घालून छपरांवरून उड्या मारायला लावायचं ठरलं आणि 'द मास्टर' ही मालिका जन्माला आली. जानेवारीत सुरू झाली, १३ भागांत आटोपली.

कथा थोडक्यात. जॉन पीटर मॅकॅलिस्टर हा अमेरिकी सैनिक दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्येच राहिला आणि निन्जा झाला. मग आपल्याला एक मुलगी आहे असं त्याला कळतं, तिला शोधायला तो अमेरिकेत येतो. निन्जाने असं सोडून जायचं नसतं, म्हणून त्याचाच शिष्य ओकासा (शो कोसुगी) त्याला ठार मारायला मागे लागतो. वाटेत मॅक्स केलर नावाचा पोरगा भेटतो. त्याच्याकडे एक व्हॅन, एक हॅमस्टर (उंदरासारखा पाळीव प्राणी) आणि दर गावात मार खायची हौस. मुलीचा शोध हे नुसतं निमित्त. गाव बदलतं, पण अडचणीतला बाप, त्याची देखणी मुलगी आणि कशावर तरी डोळा ठेवून बसलेला शेठ हा मसाला बराचसा तोच. पहिल्या भागात विमानतळावर डोळा आहे, आणि देखणी मुलगी आहे चक्क डेमी मूर.

पण ही मालिका कथेसाठी बघायचीच नाही. बघायची ती बुरख्यासाठी.

साध्या कपड्यांतला मॅकॅलिस्टर जिना चढतानासुद्धा विचार करून चढतो. मारामारीतही तो शक्यतो जागेवर उभा असतो. गुंड स्वतः चालत त्याच्यापर्यंत येतो, मॅकॅलिस्टर मनगट पकडतो आणि उरलेली सगळी मेहनत गुंड करतो: हवेत गिरकी, टेबलावर आपट, वर कण्हणंही. मग गडी बुरखा चढवतो. क्षणात पोट आत, खांदे अरुंद, कोलांटी चोख. म्हणजे त्याच्या जागी उड्या मारणारा डुप्लिकेट आला. त्या काळी टीव्हीवाल्यांना निन्जा एवढा का आवडला, याचं उत्तर इथे आहे. काउबॉयचा डुप्लिकेट लपवायचा तर पाठ फिरवा, टोपी खाली ओढा, कॅमेरा लांब न्या. निन्जाचा तोंडासकट सगळा अवतार झाकलेलाच, कपडे नियमानेच तोंड झाकतात! ताऱ्याने फक्त डोळे द्यायचे. आणि व्हॅन क्लीफची खरी कमाई डोळ्यांचीच, लिओनेने त्याला त्यांच्याच जोरावर नावारूपाला आणलेलं. त्यामुळे निवड वेडगळ वाटली तरी हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

तारा कुठे संपतो आणि डुप्लिकेट कुठे सुरू होतो, ती जोड पकडायला सोपी आहे. आधी डोळ्यांचा क्लोजअप, मग कट, मग लांबून पाठमोरी उडी, परत कट, परत डोळे. उडी आणि डोळे एकाच सलग शॉटमध्ये शोधत बसू नका. चेहरा सोडून खांदे आणि मान बघा. बुरखा चेहरा लपवतो, मानेची जाडी लपवत नाही. आणि चाल बघा: दुखऱ्या गुडघ्याचा माणूस वळताना आधी कंबर वळवतो, डुप्लिकेट पायावर फिरतो.

ठोशांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावरचा ठोसा जबड्यापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की मूठ आणि जबडा एका रेषेत येतात आणि मधली फट दिसत नाही. 'ढिशुम' नंतर चिकटवतात. कॅमेरा जरा बाजूला सरकला की फट उघडी पडते, आणि गुंड अर्धा क्षण आधी पडला तर हवेलाच मार बसतो. सिनेमावाले असा टेक पुन्हा घेतात. टीव्हीवर तासाभराचा भाग साधारण आठवड्यात उरकायचा असतो, तिथे 'चालतंय की' म्हणून पुढे जातात.

निन्जापटांची आणखी एक जुनी युक्ती म्हणजे खालून थेट भिंतीवर उडी. माणूस प्रत्यक्षात भिंतीवरून मागे-मागे खाली उडी टाकतो आणि फिल्म उलटी चालवतात. चोरी पकडायची तर कपड्यांचा घोळ बघा. वर जाणाऱ्या माणसाचा घोळ खाली ओढला जायला हवा. उलट्या फिल्ममध्ये तो वरच फडफडतो. जमिनीवर धूळ असेल तर आणखी मजा: उडीच्या आधी सगळी धूळ पायाशी गोळा होते, जणू कुणी हाक मारली.

गुंडांची शिस्त हा तर वेगळाच विषय. चौघे घेरतात आणि रेशनच्या रांगेसारखे एकेक पुढे येतात. एक भिडला की उरलेले तिघे हात उगारून जागच्या जागी हलत राहतात, कारण सगळे एकदम आले तर कुणालाच वाचवता येणार नाही, खुद्द कॅमेरामनलाही.

दोन-दोन भाग जोडून 'मास्टर निन्जा' नावाने चित्रपट म्हणून व्हिडिओवरही विकले गेले. एका भागातून दुसऱ्यात शिरताना मधला सांधा सरळ दिसतो, गोष्ट संपून परत सुरू होते. असे दोन जोडपट जानेवारी १९९२ मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या हाती लागले. त्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्यासमोर बसून चालू चित्रपटाला टोमणे मारतात. 'द मास्टर'ची आठवण आज जी काही उरली आहे, ती बरीचशी त्या टोमण्यांमुळे.

आणि मॅक्स? त्याच्या भूमिकेत दर भागात मार खाणारा टिमथी व्हॅन पॅटन पुढे कॅमेऱ्यामागे गेला, 'द सोप्रानोज' या मालिकेचे भाग दिग्दर्शित केले, 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचा प्रसारित झालेला पहिला भागही त्याचाच. हॅमस्टरचं नाव हेन्री. त्याला बुरखा नव्हता, त्यामुळे त्याचा डुप्लिकेट होता की नाही हे मात्र मान बघूनही ओळखता येत नाही.