सामाजिक शास्त्राचं वार्षिक नियोजन, पण अनुक्रमणिका बाजूला ठेवून

वार्षिक नियोजन म्हटलं की आपण काय करतो, अनुक्रमणिका उघडतो, धडे भागिले महिने करतो आणि मोकळे होतो. मग व्हायचं तेच होतं, इतिहास रेंगाळतो, भूगोल कसाबसा उरकतो आणि नागरिकशास्त्र परीक्षेच्या तोंडावर नुसतं वाचून संपवायचं. मी आता आधी एवढंच बघते की कशाला अख्खं वर्ष लागतं, ते पहिलं लिहायचं, धडे नंतर बसतात आपोआप.

उदा. सावली. एकच काठी, एकच जागा, एकच वेळ, दर महिन्याला सावली मोजून तक्त्यावर लिहायची. हे आधी ठरवलं नसेल तर डिसेंबरात आठवतं आणि जूनची सावली काय परत मिळत नाही.

दुसरं म्हणजे दोरी. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष असं धरायचं, मग पोरांचं स्वतःचं आयुष्य आठ-नऊ सेंटीमीटर भरतं, आजीचं साठ-सत्तर, माणूस चंद्रावर उतरला ते १९६९ साल अर्ध्या मीटरच्या जरा पुढे, आणि लिपीचा शोध साधारण ५००० वर्षांपूर्वीचा म्हणजे ५० मीटर, तो दाखवायला दोरी घेऊन मैदानातच जावं लागतं! "खूप खूप वर्षांपूर्वी" म्हणजे किती हे त्या चालण्यात कळतं. पुढे कुठलाही धडा आला की आधी दोरीवर चिमटा लावायचा.

नकाशाचंही तेच, तो एक घटक नाही, वर्षभर चालू ठेवायचा. सुरुवात वर्गाच्या नकाशापासून, लहान पोरं बाकाचे चारही पाय काढतात कारण बाकाला पाय असणारच ना, वरून बघणं म्हणजे काय हे पचायला वेळ लागतो. दुसऱ्या सत्रात पृथ्वीगोल आणि भिंतीवरचा नकाशा शेजारी ठेवायचे. मर्केटरच्या नकाशावर (गोल पृथ्वी सपाट चौकोनात पसरवलेला तो नेहमीचा जगाचा नकाशा) ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या साधारण १४ पट आहे. मग कोण खोटं बोलतंय यावर अख्खी तासिका जाते, जाऊ दे.

नागरिकशास्त्र मात्र पहिल्याच आठवड्यात, कारण वर्गाचे नियम तेव्हाच ठरतात. पोरांनाच मतदान करू द्या, चिठ्ठ्या मोजू द्या, आणि मग विचारा, ज्यांचा नियम हरला त्यांनी तो पाळायचा का? पुढे २० नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक बालदिनाला, संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा १९८९ चा करार सांगताना हीच भांडणं कामाला येतात.

आणि हो, प्रत्येक महिन्यात एक आठवडा कोरा ठेवा. तपासायला येणारे विचारतीलच, तिथे "उजळणी" लिहा.