हा वास माशाचा नाही

रविवार, रात्री

मालवणहून परतल्यापासून गाडीत वास येतोय. आज सिंहगड रोडला जाऊन येताना मागे बसलेल्या लेकीने नाकाला ओढणी लावली आणि नवरा म्हणाला, "तुझ्या आईचं सुकट." कारण त्याने आधीच ठरवून टाकलंय. येताना डिकीत आईने दिलेली पावसाची बेगमी होती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे मे संपता संपता आमच्याकडे घरोघरी सुकं भरून ठेवतात. बोंबील आणि सुका जवळा स्टीलच्या डब्यांत होते. खारे बांगडे आधी कागदात, मग पिशवीत आणि वरून पुन्हा एका पिशवीत बांधलेले. फोंडा घाटातून राधानगरी, कोल्हापूर करत पुण्यापर्यंत आलो तोवर कुणालाही काही जाणवलं नव्हतं. वास त्यानंतर सुरू झाला.

मी माशांच्या गावात वाढले. पहाटेच्या लिलावातल्या ताज्या बांगड्याचा वास, दुपारी बर्फ वितळल्यावर टोपलीतल्या मासळीचा वास, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि नासलेल्या मासळीचा वास मला वेगवेगळे कळतात. गाडीतला वास माशासारखा आहे हे खरं, पण मासा नुसताच माशासारखा वास मारत नाही. त्यात मीठ असतं, तेल असतं, खाली कुठेतरी समुद्र असतो. या वासाला अंगच नाही. तो कोरडा, टोचरा आहे आणि त्याच्या टोकाला जराशी लघवीची झाक आहे.

हे मी बोलून दाखवलं, पण गाडी पार्क करेपर्यंत विषय बदलला होता.

सोमवार

सकाळी पार्किंगमध्ये शेजारचे काका भेटले. काच उघडी होती. म्हणाले, "मासे आणले होते वाटतं?" ते सहजच म्हणाले असतील, पण मला ते लागलं. लग्न होऊन या शाकाहारी घरात आले तेव्हापासून माझ्या खाण्याचा वास ही सगळ्यांनी लक्ष ठेवायची गोष्ट झाली आहे. घरात कुणी तोडून बोलत नाही. सासूबाईंनी तर माझ्यासाठी वेगळी कढई स्वतः आणून दिली. पण कुठेही काही कुबट आलं की सगळ्यांची नजर आधी माझ्या डब्यांकडे जाते. म्हणून या वासाचा छडा लावायचाच आहे.

संध्याकाळी आईला फोन केला. तिचं पहिलं वाक्य, "माझ्या सुक्याक असो वास येवचो नाय. तू नाक लावन बघ."

मी नाक लावून बघितलं. डिकीतलं सगळं बाहेर काढलं, खालचा गालिचा उचलला, स्टेपनीची खाच कोरडी आहे का ते पाहिलं. तिथे रबराचा वास होता, बाकी काही नाही. मागच्या सीटच्या फटींतून चिक्कीचे तुकडे, एक क्लिप आणि टोलच्या पावत्या निघाल्या. पुढच्या सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरला. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी डावीकडे बसणाऱ्याच्या पायाखाली झिरपतं आणि आठवड्याभरात गालिचा आंबतो. आमचा कोरडा ठणठणीत निघाला.

नाकाबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते. एकाच वासात थोडा वेळ बसलं की नाक तो वास सांगणं बंद करतं. त्यामुळे सलग हुंगत बसण्यात अर्थ नाही. बाहेर जायचं, दोन-चार मिनिटं मोकळी हवा घ्यायची, मग परत येऊन एकच कोपरा तपासायचा. घाई केली तर सगळी गाडी सारखीच वास मारते.

मंगळवार

नवऱ्याने ऑफिसमधून येताना गाडी आतून धुऊन आणली. फेस लावून सीट, छत, गालिचे सगळं धुतलं. धुणाऱ्या मुलानेही त्याला सांगितलं म्हणे की मासळीचा वास लवकर जात नाही. वर डॅशबोर्डवर लव्हेंडरची जेलची डबी ठेवून आला. घरी येईपर्यंत लव्हेंडर आणि तो वास असे दोन्ही एकत्र येऊ लागले होते.

डबी मी काढून टाकली आणि यावर आमचं थोडं वाजलं. गाडीत सुगंध भरून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. गाडी वासातून बरंच काही सांगत असते. घाटात क्लच घासला की करपल्यासारखा वास येतो. इंजिनचं कूलंट आत गळत असेल तर गोडसर वास येतो आणि काचेवर चिकट वाफ धरते. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पेट्रोल गळत असेल तर ते सगळ्यात आधी नाकालाच कळतं. या सगळ्यांवर लव्हेंडर ओतायचं आणि मग निश्चिंत बसायचं, हे मला पटत नाही. कापूर, कॉफीची पूड, कापलेलं लिंबू हे उपायही आज प्रत्येकाने सुचवले. वास कुठून येतो ते कळल्यावर हवं ते ठेवा. त्याआधी नको.

गुरुवार

काल पाऊस आणि कामाची धावपळ, त्यामुळे काही झालं नाही. आजचा दिवस मात्र कामी आला.

दुपारी कडक ऊन पडलं होतं. गाडी मुद्दाम दोन-तीन तास उन्हात बंद ठेवली. कुजणारी कुठलीही गोष्ट, सांडलेलं दूध असो, मेलेला उंदीर असो की माशाचं पाणी, बंद गाडीत तापली की दार उघडताक्षणी अंगावर येते. मी दार उघडलं. तापलेलं रेक्झिन आणि प्लास्टिक, बस्स. तो वास नव्हताच.

म्हणजे वास गाडीत साठलेला नाही, तो गाडीत तयार होतो. हे लक्षात आलं तेव्हा मी गाडीतच बसून राहिले. इतके दिवस आपण सगळे "वास कुठे आहे" असं विचारत होतो. विचारायचं होतं, वास कधी येतो.

संध्याकाळी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. त्या नेहमी पुढे, माझ्या डाव्या हाताला बसतात. वास त्यांना सगळ्यात जास्त येतो, कारण ग्लोव्ह बॉक्ससमोर त्यांचे गुडघे असतात. निघताना काही नव्हतं. नळस्टॉपच्या सिग्नलला वास सुरू झाला. त्या म्हणाल्या, "अगं, पंखा मोठा कर. मोठा केला की जातो बघ." मी चारवर केला. थोड्या वेळात खरंच कमी झाला. दोनवर आणला, परत आला. "मी केव्हाचं बघतेय हे," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये एकटीने बसून एकेक गोष्ट तपासली. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. एसी बंद, ब्लोअर दोनवर. थोड्याच वेळात वास आला. म्हणजे इंजिन नाही आणि एसीचं थंड होणारं कॉइलही नाही. तसंही कॉइलवर बुरशी धरली तर ओल्या मोज्यांसारखा वास येतो आणि तो पंखा सुरू केल्याबरोबर जास्त असतो, नंतर विरतो. आमचं उलट आहे. मग बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवली. वाइपरखालच्या जाळीत उंदीर मेला असता तर आता वास कमी व्हायला हवा होता. तसूभर कमी झाला नाही. ब्लोअर बंद केला आणि बाहेर जाऊन आले. वास उतरलेला.

मग ग्लोव्ह बॉक्सच्या खाली डोकं घालून हुंगलं. उगम तिथेच आहे. बोट लावलं तर आतलं प्लास्टिक गरम लागलं.

झोपायच्या आधी डोकं चालतंच राहिलं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं त्याचा आज उपयोग झाला. माशाला जो माशाचा वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या अमाइनचा. अमाइन ही रसायनं आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असतात, म्हणून आम्ही आमटीत आमसूल किंवा चिंच घालतो. आंबटाने ते बांधले जातात आणि वास मरतो. विजेच्या सामानातली काही प्लास्टिकं आणि तारांवरची काही आवरणं जास्त तापली की त्यांतूनही अमाइन सुटतात. घरातल्या एखाद्या स्विचबोर्डजवळ किंवा गीझरच्या प्लगजवळ अचानक मासळीसारखा वास येऊ लागला तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं म्हणतात, ते याच कारणाने. धूर दिसायच्या कितीतरी आधी हा वास येतो.

म्हणजे गाडीत काहीतरी जळायच्या बेतात आहे. आणि आम्ही तिच्यात लेकीला बसवून फिरतोय.

नवऱ्याला उठवून सांगितलं. तो उठून बसला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या गाडी हलवायची नाही."

शुक्रवार

गाडी हलवली नाही. सगळे रिक्षाने आणि बसने. नवऱ्याने सकाळीच बॅटरीची एक तार काढून ठेवली. पेठेतल्या ज्या गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे त्याचे वडील स्कूटर न्यायचे, त्यांच्या मुलाने उद्या इथेच येऊन बघतो म्हणून कबूल केलं आहे.

शनिवार

त्या माणसाचं काम बघणं हा एक आनंद होता. मी सगळं सांगितलं, एक-दोन-तीनवर वास येतो आणि चारवर जातो हेसुद्धा. तो लगेच म्हणाला, "मग रेझिस्टर किंवा त्याचा कपलर." रेझिस्टर म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, आणि कपलर म्हणजे त्याला तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला, आत हात घालून दोन स्क्रू काढले आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. कपलरची पांढरी बाजू चहासारखी तपकिरी झाली होती. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलं होतं. तिथल्या तारेचं आवरण कडक होऊन तडकलं होतं. मी नाकाजवळ नेला. तोच वास. नवऱ्याच्या नाकाजवळ धरला. मग सासूबाईंना खाली बोलावलं आणि त्यांच्याही नाकाजवळ धरला.

त्याने नीट समजावून सांगितलं. आमच्या गाडीत पंख्याच्या पहिल्या तीन वेगांना वीज रेझिस्टरमधून जाते. पंखा हळू फिरवायचा तर उरलेली वीज कुठेतरी उष्णता होऊन खर्ची पडावी लागते, ती इथे पडते. चारवर रेझिस्टर वगळून थेट मोटरला जाते. म्हणून चारवर वास नाही. रेझिस्टर तापणारच, हे कंपनीला माहीत असतं. म्हणूनच तो पंख्याच्या वाऱ्यातच बसवलेला असतो, त्याच वाऱ्याने गार राहतो. आता हा वारा कमी झाला तर?

त्याने एसी फिल्टर बाहेर ओढला. बकुळीची पानं, फुलं, धूळ, कुठल्यातरी पक्ष्याच्या पिसांचा पुंजका, सगळं दाबून नमदा झालेला. पार्किंगवर बकुळीचं मोठं झाड आहे, आमची गाडी रोज त्याखाली असते. वाइपरखालच्या जाळीतून ते सगळं आत जात राहिलं. हवा अडली, रेझिस्टर तापत गेला, कपलरमधली पिन तापून ढिली झाली आणि ढिली झाल्यामुळे आणखी तापली.

मला एक शंका होती, ती विचारली. फ्यूज का नाही उडाला? तर फ्यूज जास्त वीज वाहिली की उडतो. इथे वीज नेहमीइतकीच वाहत होती, फक्त ढिल्या जोडाशी अडत होती. हिशेब मी नंतर कागदावर केला. 10 अँपिअर जात असतील आणि जोडाला नुसता 0.1 ओहम अडथळा आला, तर त्या एका पिनेत 10 वॉट उष्णता. साधी सोल्डरिंगची सळई 25 वॉटची असते आणि तिने शिसं वितळतं. एवढी उष्णता प्लास्टिकच्या कपलरमध्ये तासन् तास, आणि फ्यूजला पत्ता नाही. अशा बिघाडात नाक हाच फ्यूज.

त्याने जळलेली तार चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवा कपलर पिना दाबून आणि वर डाख देऊन बसवला. रेझिस्टर नवा, फिल्टर नवा. मोटरही हाताने फिरवून पाहिली, मोकळी फिरत होती. मोटरचं बेअरिंग घट्ट झालं असतं तर ती जास्त वीज ओढते आणि नवा कपलरही जळतो, असं तो म्हणाला. नुसता कपलर बदलून देणारे बरेच असतात. याने कारण शोधलं, म्हणून मला याचं मोल जास्त वाटतं.

मग तासभर दोनवर ब्लोअर चालवून गाडीत बसलो. काही नाही. नवऱ्याने तिथूनच आईला मालवणला फोन लावला आणि स्वतः सांगितलं की तुमच्या सुक्याचं काही नव्हतं, वायर जळत होती. पलीकडून आई किती वेळ बोलत होती ते मला नीट ऐकू आलं नाही, पण तो मान डोलावत होता आणि त्याचा चेहरा ओशाळला होता.

यापुढे पावसाळाभर दर आठवड्याला बॉनेट उघडून वाइपरखालची पानं हाताने काढायची, आणि फिल्टर पावसाच्या आधी व नंतर बघायचा. शेजारच्या काकांची गाडी आमच्या शेजारी, त्याच बकुळीखाली असते. जुना फिल्टर मी पिशवीत घालून ठेवलाय. उद्या सकाळी ते फिरून आले की त्यांना दाखवणार आहे.