दर रविवारी, बारा वेळा

रविवार, रात्रीचे साडेदहा.

आई झोपली. आजची गोळी झाली. आजची सगळी दुपार मोबाईलवर कॅलेंडर लावण्यात गेली आणि ती वाया गेली असं मला अजिबात वाटत नाहीये, उलट हे मी चार महिने आधी नीट बसून करायला हवं होतं हेच डोक्यात घोळतंय.

आईला संधिवात आहे, बोटांची पेरं सुजतात तो. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, आणि मधल्या एका दिवशी फॉलिक ॲसिड. आमच्याकडे रविवारी मेथोट्रेक्सेट, बुधवारी फॉलिक. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळट. मी तेव्हा काय केलं तर फोनच्या घड्याळात रात्री ९ चा अलार्म लावला, रोजचा, नाव दिलं ‘गोळी’. तो खरं तर बीपीच्या गोळीचा होता. रविवारी त्याच अलार्मला मी समोर बसून बीपीची आणि मेथोट्रेक्सेट, दोन्ही द्यायचे. गेल्या महिन्यात एका सोमवारी मला ऑफिसातून यायला उशीर झाला, ९ ला अलार्म वाजला आणि आईने काल घेतल्या तशा दोन्ही गोळ्या घेतल्या. तिचं काय चुकलं? अलार्म तोच, आवाज तोच, वर नुसतं ‘गोळी’ लिहिलेलं.

मी घरी आले, पाकीट मोजलं तर एक कमी. हातपाय गार पडले. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढच्या रविवारची गोळी थांबवली, तोंडात फोड येतात का, ताप येतो का बघायला सांगितलं, कारण हे औषध जास्त झालं की रक्तातल्या पेशी कमी होतात. नंतर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी केली, सगळं ठीक निघालं. पण ते आठ दिवस मी रोज सकाळी उठल्या उठल्या बॅटरी घेऊन तिच्या तोंडात बघत होते.

तर आज तो अलार्म काढून टाकला आणि गुगल कॅलेंडरमध्ये एकेक गोष्ट वेगळी लावली. इव्हेंट उघडला की खाली ‘डझ नॉट रिपीट’ असतं, त्यावर दाबलं की डेली, वीकली, मंथली येतं आणि सगळ्यात खाली कस्टम. बीपीची डेली. मेथोट्रेक्सेट वीकली, रविवार. फॉलिक वीकली, बुधवार. आणि नावं पूर्ण वाक्यात दिली: ‘आज रविवार. संधिवाताची गोळी, एकच. आता पुढच्या रविवारीच.’ लांब आहे, पण आई चष्मा लावून वाचते, तिला तसंच बरं पडतं.

तपासण्या आधी दर महिन्याला होत्या, आता तीन महिन्यांनी, म्हणून कस्टममध्ये ‘एव्हरी ३ मंथ्स’. तिथे ३१ तारीख टाकायची नाही हे मात्र मला अनुभवाने कळलंय. सोसायटीच्या मेंटेनन्सला मी दर महिन्याची ३१ टाकली होती आणि एप्रिलमध्ये काही आलंच नाही, कारण ज्या महिन्याला ३१ नाही तो महिना ते सरळ सोडून देतं.

आईने मध्येच विचारलं, माझ्या संकष्ट्या पण टाक ना त्याच्यात. उपासाच्या दिवशी ती रक्त काढू देत नाही, त्यामुळे त्या माहीत असलेल्या बऱ्या. पण तिथी कशी रिपीट करणार? संकष्टी कधी २९ दिवसांनी, कधी ३० दिवसांनी. गणपती २०२५ ला २७ ऑगस्टला आले, २०२६ ला १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. मग भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर खाली काढलं, आई तारखा वाचत गेली, मी एकेक टाकत गेले. दोघींना अर्धा तास लागला, आणि हा अर्धा तास मला फार आवडला.

दादालाही हे कॅलेंडर शेअर केलंय. तो न्यू जर्सीला. त्याचा आईला रविवारी रात्री ९ ला व्हिडिओ कॉल असतो, म्हणजे मी गोळी त्याच्यासमोरच देते, तेवढाच आणखी एक डोळा. हा इव्हेंट मुद्दाम भारतीय वेळेवर लावला. तिकडे घड्याळं मागेपुढे होतात, त्यामुळे त्याला उन्हाळ्यात सकाळी साडेअकरा दिसेल आणि नोव्हेंबरपासून साडेदहा, आईचे ९ मात्र हलणार नाहीत. हलवायचंच तर त्याने हलावं.

एक भीती अजून आहे. लग्नकार्याला गेलो आणि एखाद्या रविवारची वेळ बदलली की ते विचारतं, धिस इव्हेंट, धिस अँड फॉलोइंग, की ऑल. घाईत ‘ऑल’ दाबलं की सगळेच रविवार हलले. दादाला म्हटलं, तू फक्त बघायचं, बदल मीच करणार. त्याला थोडं लागलं बहुतेक. लागू दे.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘एंड्स’पाशी, म्हणजे हे रिपीट कधी थांबवायचं तिथे, अडकले. नेव्हर, ऑन, किंवा आफ्टर. आधी मनात आलं नेव्हर, ही गोळी आता वर्षानुवर्षं चालणार आहे असं डॉक्टर म्हणालेत. पण मग वाटलं, डोस बदलला, गोळी थांबवली, आणि मी कॅलेंडर बदलायला विसरले तर? ते दर रविवारी जुनीच चिठ्ठी वाचून दाखवत बसेल आणि आई ऐकेल, कारण तिचा त्याच्यावर विश्वास आहे. म्हणून ‘आफ्टर १२’ केलं. आजचा धरून बारा रविवार. त्यानंतरच्या आठवड्यात सीबीसी आणि लिव्हरची तपासणी, मग डॉक्टर, आणि त्यांनी लिहून दिल्यावरच पुढचे बारा.

९ ला वाजलं. आईने मोठ्याने वाचलं, ‘आता पुढच्या रविवारीच’, गोळी घेतली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मोजलं. अकरा उरल्यात.