बादलीतलं माप

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही आठवड्यांत माणसांची सरळ वाटणी झाली: घरात थांबू शकणारे आणि कामावर जावंच लागणारे. दुसऱ्या गटात डॉक्टर-नर्स होते, तसेच बस चालवणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे, घरपोच सामान देणारे, कचरा उचलणारे आणि वॉर्डातली फरशी पुसणारेही होते. या शेवटच्या माणसांच्या कामाबद्दल फार कमी लिहिलं गेलं. अंगमेहनतीचं काम, त्यात शिकण्यासारखं काय, असा एक समज असतो. कोविड वॉर्डातली सफाई हे मापाचं, क्रमाचं आणि घड्याळाचं काम होतं, आणि अनेकांना ते चालू पाळीतच, घाईघाईत शिकावं लागलं.

सुरुवात बादलीपासून. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं नेहमीचं ब्लीच, हे त्या काळात खूप वापरलं गेलेलं जंतुनाशक. जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ मे २०२० च्या सूचनांमध्ये नेहमीच्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का (म्हणजे १००० पीपीएम, दहा लाख भागांत १००० भाग) आणि रक्त किंवा शरीरातलं इतर काही बरंच सांडलं असेल तिथे ०.५ टक्के असं प्रमाण दिलेलं आहे. घोळ होतो तो कॅनवरच्या लेबलपाशी. ब्लीच वेगवेगळ्या तीव्रतेचं येतं, आणि ‘एका बादलीला अमुक इतकी झाकणं’ ही सवय कॅन बदलला की चुकते. हिशेब असा आहे: कॅनवरच्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागायचं आणि त्यातून १ वजा करायचा. जो आकडा येईल तितके भाग पाणी आणि १ भाग ब्लीच. ५ टक्क्यांच्या कॅनमधून ०.१ टक्का हवं असेल तर ५० वजा १, म्हणजे ४९ भाग पाणी. १० लिटरच्या बादलीत २०० मिलिलिटर ब्लीच, बाकी पाणी. कॅन १० टक्क्यांचा असेल तर १०० मिलिलिटर पुरतं, अडीच टक्क्यांचा असेल तर ४०० लागतं. ०.५ टक्क्यांसाठी ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच आणि ९ लिटर पाणी. टंचाईच्या दिवसांत नेहमीचा माल संपून जो मिळेल तो कॅन वापरावा लागे. अशा वेळी माप पाठ असून भागत नाही, हिशेब यावा लागतो.

अंदाजपंचे ओतलं की दोन्ही बाजूंनी नुकसान. जास्त पडलं तर डोळे झोंबतात, घसा धरतो, दमा असलेल्याला त्रास होतो, हातांची कातडी सोलते, पलंगाच्या लोखंडी कडा आणि सलाइनचे स्टँड गंजायला लागतात. कमी पडलं तर काहीच कळत नाही, आणि ते जास्त वाईट. बादलीला ब्लीचचा वास येतच राहतो, फरशी ओली दिसते, सगळ्यांचं समाधान होतं. पण वास हे ताकदीचं माप नव्हे. घाणीशी क्लोरीनची क्रिया होते तेव्हा पुष्कळदा वास जास्तच उग्र होतो, आणि त्याच वेळी जंतू मारणारं क्लोरीन खर्ची पडत असतं.

म्हणून द्रावण रोज ताजं करायचं. ऊन, उष्णता आणि उघडं झाकण या तिन्हींमुळे हायपोक्लोराइट उतरतं. कॅन अंधाऱ्या, थंड जागी ठेवायचा, गरम पाणी वापरायचं नाही, आधी बादलीत पाणी घ्यायचं आणि मग ब्लीच ओतायचं, म्हणजे अंगावर उडत नाही. बादलीवर किंवा बाटलीवर द्रावणाचं प्रमाण आणि तयार केल्याची तारीख-वेळ लिहायची. ही चिठ्ठी नसेल तर पाळी बदलताना पुढच्याला काहीच समजत नाही, आणि तो सुरक्षिततेच्या विचाराने आणखी थोडं ओततो.

आता पुसण्याचा क्रम. ब्लीच थेट मळक्या फरशीवर टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. सांडलेलं अन्न, थुंकी, रक्त, नुसती धूळ, यातलं काहीही शिल्लक असेल तर क्लोरीन तिथेच संपतं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, साध्या पाण्याने साबण पुसून घ्यायचा, मग जंतुनाशक. घासणं हे निम्मं काम आहे, ते टाळून कुठलंही रसायन उपयोगी पडत नाही. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो, त्यामुळे साबणाची पायरी इथे दुहेरी कामाची होती.

जंतुनाशक लावल्यावर पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. संघटनेच्या त्याच सूचनांप्रमाणे ब्लीच किंवा ७० टक्के अल्कोहोलसाठी हा वेळ निदान १ मिनिट, आणि बाटलीवर जास्त लिहिला असेल तर तितका. एक मिनिट ऐकायला काहीच नाही. पण पंख्याखाली, कोरड्या हवेत, जेमतेम ओल्या फडक्याने पुसलेला टेबल पाव मिनिटात वाळतो. तो वाळला की काम थांबलं. ९० टक्क्यांच्या पुढच्या अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं चांगलं, त्याचं कारणही इथेच आहे. ते जरा सावकाश उडतं, आणि त्यातलं पाणी विषाणूची प्रथिनं मोडायला मदत करतं.

फडक्याची घडी हा मला या कामातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. फडकं मधोमध दुमडायचं, पुन्हा एकदा दुमडायचं, की हाताएवढे ८ स्वच्छ भाग मिळतात. पलंगाचा एक कठडा पुसला की भाग बदलायचा, मग दुसरा कठडा, मग बेलचं बटण, टेबलाची कड, खुर्चीचा हात. आठही भाग संपले की फडकं धुवायच्या पिशवीत, नवीन हातात. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं की सगळी बादली दूषित होते, आणि पुढच्या पलंगाला आपणच मागच्या पलंगाची घाण लावतो. दिशा ठरलेली: वरून खाली, कमी मळक्या जागेकडून जास्त मळक्या जागेकडे, संडास सगळ्यात शेवटी. फरशी दाराच्या विरुद्ध टोकापासून दाराकडे, पोछा इंग्रजी ‘एस’च्या आकारात, न उचलता. कोविड रुग्णांच्या खोल्या दिवसातून निदान दोनदा, आणि अनेकजण वापरतात ते संडास तीनदा पुसायचे, असं त्या सूचनांत होतं. एका माणसाकडे किती पलंग आले यावर हे जमणं न जमणं अवलंबून होतं. आजारी पडलेल्या सहकाऱ्याचे पलंग उरलेल्यांच्या वाट्याला यायचे, तिथे पहिला बळी त्या एका मिनिटाचा जायचा.

एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण घरोघरी हे घडलं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडास साफ करायच्या आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात हे वायू फुप्फुसांना इजा करतात. ‘दोन्ही मिळून जास्त जोर येईल’ हा समज नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे. आधी आम्ल वापरलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, दारं-खिडक्या उघडून, मगच ब्लीच.

याच काळात रस्त्यांवर फवारणीचे टँकर फिरले, इमारतींच्या दारांत माणसांना न्हाऊ घालणारे जंतुनाशकाचे बोगदे उभे राहिले. फवारा घाणीच्या थराखाली पोचत नाही, कोपरे आणि खालच्या बाजू कोरड्याच राहतात, आणि पृष्ठभाग लागेल तितका वेळ ओला राहत नाही. माणसांवर फवारणी कुठल्याच परिस्थितीत करू नये, असं संघटनेने त्याच मे महिन्यातल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं. संसर्ग झालेल्याच्या शरीरातला विषाणू अंगावर ब्लीच उडवून जात नाही, डोळे आणि श्वासनलिका मात्र भाजतात. बोगद्यांवर गेलेला पैसा फडकी, जाड हातमोजे आणि आणखी दोन माणसं यांवर गेला असता तर खरोखर उपयोग झाला असता.

पृष्ठभागांची इतकी धास्ती का होती? मार्च २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रयोगशाळेतले आकडे आले: विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आढळला. लोक घरी आलेली प्रत्येक पिशवी धुवायला लागले. जुलै २०२० मध्ये रटगर्स विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये मांडलं की प्रयोगात घेतलेलं विषाणूंचं प्रमाण नेहमीच्या जगण्यात एखाद्या वस्तूवर असतं त्याच्या कितीतरी पट होतं. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनेही दूषित वस्तूच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त १ पेक्षा कमी असल्याचं म्हटलं. मुख्य वाट हवेची होती. वॉर्ड पुसणं त्यामुळे वाया गेलं असं अजिबात नाही. दुबळ्या झालेल्या रुग्णाला दुसरे अनेक जंतू गाठतात आणि ते पलंगाच्या कठड्यांवरून, हातांवरून फिरतात. पण पुसणाऱ्या माणसाला खरा धोका कुठून होता, ते यावरून दिसतं.

संघटनेच्या फेब्रुवारी २०२० च्या यादीत कोविड रुग्णाच्या खोलीत जाणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यासाठी साधा वैद्यकीय मास्क, गाऊन, जाड रबरी हातमोजे, उडण्याची शक्यता असल्यास डोळ्यांना संरक्षण, आणि बूट किंवा बंद पादत्राणं होती. हवेतले बारीक कण गाळणारा एन-९५ मास्क हवेत तुषार उडवणाऱ्या उपचारांच्या वेळी हजर असणाऱ्यांसाठी राखलेला होता. नर्स ज्या हवेत श्वास घेते तीच हवा पोछा मारणाराही घेतो, तोही वाकून, जोरजोराने. त्याला पातळ मास्क देणं चूक होतं असं माझं ठाम मत आहे.

खोली रिकामी झाल्यावर किती वेळाने आत जायचं, याचंही गणित आहे. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात, ९९.९ टक्क्यांसाठी ६९. तासाला १२ वेळा बदलत असेल तर २३ आणि ३५ मिनिटं. हे आकडे हवा खोलीभर नीट खेळत असेल तेव्हाचे, कपाटाआडच्या कोपऱ्यात जास्त वेळ लागतो. पुढचा रुग्ण स्ट्रेचरवर ताटकळत असताना सफाई कर्मचाऱ्याला ‘चल, आत जा’ म्हणणारे असतात, ‘थांब’ म्हणणारा कोणीतरी अधिकारी लागतो. हवा बदलणारी यंत्रणा नसेल तर आधी खिडक्या उघडायच्या आणि वाट बघायची.

एन-९५ मिळाला तरी तो नीट बसला पाहिजे. नाकावरची पट्टी एका चिमटीने दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंनी हवा निसटते, म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला दाबत जायचं. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा बसवायची. दाढी असेल तर कडेने फट राहते. मास्क साबणाने धुतला किंवा अल्कोहोलमध्ये बुडवला की त्याच्या आतल्या थराचा विद्युतभार जातो. दिसायला तसाच राहतो, गाळण्याची ताकद मात्र घटते. टंचाईत अनेकांनी भाबडेपणाने हेच केलं.

किट घालण्यापेक्षा काढणं अवघड. तेव्हा माणूस थकलेला असतो, घामाने भिजलेला असतो आणि घरी जायच्या घाईत असतो. आधी हातमोजे, बाहेरची बाजू आत जाईल असे उलटे काढायचे. हात स्वच्छ. मग गाऊनच्या नाड्या सोडून, आतल्या बाजूने धरून, अंगापासून लांब गुंडाळत काढायचा. पुन्हा हात. चष्मा किंवा फेसशील्ड मागच्या पट्ट्याने. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, मागून पट्टे धरून, समोरच्या भागाला हात न लावता. मग साबणाने ४० ते ६० सेकंद हात. नेहमीची चूक म्हणजे बाहेर येताच मास्क हनुवटीवर ओढून मोठा श्वास घेणं. किती तास त्या मास्कमध्ये काढलेत हे लक्षात घेतलं तर ती चूक समजते, आणि म्हणूनच काढताना समोर उभं राहून एकेक पायरी सांगणारा माणूस हवा.

चादरी झटकायच्या नाहीत, छातीशी कवटाळून न्यायच्या नाहीत. ६० ते ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात डिटर्जंटने धुवायच्या. कचऱ्याची पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची, दाबून हवा काढायची नाही.

बसमध्ये आणि दुकानात हेच प्रश्न वेगळ्या रूपात होते. गल्ल्यावरचा पारदर्शक पडदा समोरून उडणारे थेंब अडवतो, दिवसभर साठत जाणारी हवा अडवत नाही, म्हणून पडद्याइतकीच उघड्या दाराची गरज. बसचालकासाठी पुढचं दार बंद ठेवून प्रवासी मागून घेणं चांगलं, पण एसी आतलीच हवा फिरवत असेल तर फायदा बराच कमी होतो. बाहेरची हवा घेणारी कळ आणि उघड्या खिडक्या हव्यात. दुकानात दिवसभर तेच हातमोजे घालणाऱ्याने नोटा, फोन आणि मग स्वतःचं नाक यांना एकाच मोज्याने हात लावला, तर त्यापेक्षा उघडे आणि वारंवार धुतलेले हात बरे.

पाळी संपली तरी बादली तशीच ठेवून जायचं नाही. उरलेलं द्रावण ओतून टाकायचं, बादली साबणाने घासायची, धुवायची, आणि पालथी घालायची, तळाशी पाणी राहणार नाही अशी. पोछ्याचं डोकं काढून धुवायला टाकायचं, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचं नाही. ओल्या पोछ्यात रात्रभरात जंतू वाढतात आणि सकाळी पहिल्या खोलीत तेच पसरतात. धातूच्या ज्या भागांना ब्लीच लागलंय त्यांच्यावरून साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं. मग कॅनचं झाकण घट्ट लावायचं, आणि सकाळच्या पाळीसाठी मापाचं भांडं कॅनशेजारीच ठेवायचं.