याला हात किती लागतात?

जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग जेमतेम अंगठ्याएवढं, पण रुबाब केवढा! नाण्यांचा नाद लागला की जो तो आधी तेच घेतो. मेख अशी, की ते डोळ्याला जवळजवळ टेकवावं लागतं आणि नाणं त्याच्यापासून फक्त अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं. एक हात भिंगाला, एक नाण्याला, आणि दोन्ही स्थिर. संधिवाताने बोटं आखडलेल्याला हे कुठून जमायचं? शिवाय दहापटीचं भिंग हाताची थरथरही दहापट करून दाखवतं. म्हणून दुकानदाराने "किती पटीचं देऊ?" विचारलं की मी विचारतो, "याला हात किती लागतात?"

आणि एवढ्या पटी हव्यात कशाला? रुपयाच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याचा आकार असला तर सहसा मुंबईची टाकसाळ, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. तीनपटीत हे स्वच्छ दिसतं. शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याची, गोष्ट तर आणखी वेगळी. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. त्यामुळे 'श्री राजा शिव'मधला 'श्री' अर्धाच उमटलेला, मागच्या 'छत्रपति'तलं एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं. जे उमटलंच नाही ते भिंग कुठून दाखवणार? जे झिजलंय त्याला मात्र तिरका उजेड लागतो. दिवा कडेला खाली ओढला की पुसट वेलांटीचीही सावली पडते.

पायांवर उभं राहणारं भिंग मला आवडलं होतं. अंतर आपोआप जुळतं. पण सरकवताना त्याची कड नाण्याला घासते, त्यामुळे नको. कॉम्प्युटरला जोडायचा मायक्रोस्कोप स्टँडवर बसतो खरा. फोकसचं चाक मात्र मुंगीसाठी बनवलेलं. शेवटी डोक्याला पट्ट्याने बसणारं अडीचपटीचं भिंग घेतलं. चष्म्यावरून बसतं, नाणं वीतभर लांब राहतं, हात मोकळे. घरात मला दातांचा डॉक्टर म्हणतात, म्हणोत.

नाणं उलटण्याची अडचण उरतेच. त्यासाठी पारदर्शक पाकीट बरं, पण मऊ पीव्हीसीचं नको. त्यात तांब्यावर हिरवट चिकटा धरतो. पॉलिएस्टरचं घ्यावं. ते कडक असतं, म्हणून इतर संग्राहक कुरकुरतात. मला तेच सोयीचं: तळहाताने टेबलाच्या कडेपर्यंत ढकलायचं, पुढे आलेली कड दोन बोटांत धरायची, की झालं उलटं.